महाबळेश्वर परिसरातील हौशी रेडिओ

हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) ही परवानाधारक व्यक्तींनी छंद, स्वशिक्षण आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी चालवलेली बिनतारी संदेशवहनाची सेवा आहे. तिच्यातून आर्थिक लाभ घेता येत नाही. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचे पठार हे या छंदाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील लक्षणीय ठिकाण आहे. येथील विल्सन पॉइंट (जुने नाव सिंदोळा) समुद्रसपाटीपासून सुमारे १,४३९ मीटर उंच असून पश्चिमेला पठार थेट कोकणात कोसळते. मात्र हाच परिसर अतिवृष्टी, विजा, खडकाळ जमीन आणि खोल दऱ्या यांमुळे अँटेना उभारणाऱ्याची परीक्षाही पाहतो.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले हौशी रेडिओ चालक म्हणून अमरेंद्र चंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. ते १९२१ मध्ये ‘२ जेके’ या संकेतनावाने प्रक्षेपण करीत. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले व उपकरणे जमा करण्याचे आदेश दिले. तरीही १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता व त्यांचे सहकारी तो चालवीत आणि त्याचा प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी चालकाचा वाटा होता. हे केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर असल्याचे उद्घोषणेत सांगितले जाई. त्या तरंगलांबीची वारंवारिता साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजही हौशी चालकांना दिलेल्या ‘४० मीटर’ पट्ट्याच्या आतली. याच पट्ट्याचा घाटमाथ्यावरील उपयोग पुढे आला आहे.

परवाना

भारतात हौशी रेडिओचे परवाने केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. सेवेचे नियम १९७८ चे असून त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार प्रक्षेपण करणेच नव्हे, तर परवान्याविना संच बाळगणेही गुन्हा ठरत असे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात या जुन्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद आहे. परीक्षेला बसण्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपी लागत नाही. भारतीय संकेतनावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. सामान्यतः ‘व्हीयू२’ सर्वसाधारण व ‘व्हीयू३’ मर्यादित श्रेणी दर्शवते. संभाषण उघड भाषेत करावे लागते. सांकेतिक किंवा व्यापारी संदेश आणि करमणुकीचे कार्यक्रम यांना मनाई आहे. सहलीला जाताना बाजारातील स्वस्त हातसंच विकत घेऊन घाटात बोलणारे अनेक जण असतात, परंतु परवाना नसेल तर तो हौशी रेडिओ नव्हे.

उंची आणि रेडिओ क्षितिज

हातसंचांवर सर्वाधिक वापरला जाणारा पट्टा ‘२ मीटर’ म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. या वारंवारितेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे संदेश किती दूर पोहोचेल हे शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. वातावरणात तरंग किंचित वाकत असल्याने रेडिओ क्षितिज दृष्टीच्या क्षितिजापेक्षा थोडे पुढे असते. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की ते अंतर किलोमीटरमध्ये मिळते. शहरातील इमारतीवर २० मीटर उंचीवर बसवलेल्या अँटेनासाठी हे उत्तर साधारण १८ किलोमीटर येते, तर विल्सन पॉइंटच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी सुमारे १५६ किलोमीटर. दोन्ही टोकांच्या अँटेनांची क्षितिजे एकत्र मिळवायची असतात, त्यामुळे कोकण किनाऱ्यालगतच्या स्थानकासाठी ही मर्यादा १७० किलोमीटरच्या पुढे जाते.

महाबळेश्वरपासून मुंबई सरळ रेषेत साधारण १४५ किलोमीटर, पुणे ७०, रत्नागिरी ११० आणि सांगली व कोल्हापूर प्रत्येकी १५० किलोमीटरच्या आसपास आहे. कागदावर ही सर्व शहरे आवाक्यात येतात. प्रत्यक्षात पुणे जवळ असूनही अधिक कठीण ठरते, कारण विल्सन पॉइंट ते पुणे या रेषेत रायरेश्वराचे पठार आडवे येते आणि पुढेही डोंगररांगा आहेत. मुंबईच्या दिशेने मात्र पठाराची कड ओलांडली की खाली कोकण पसरलेले आहे आणि तरंगाला अडवणारे उंच कडे फारसे उरत नाहीत. म्हणून अनुभवी चालक जागा निवडताना नकाशावरील अंतराआधी समोच्च रेषा पाहतात. ५ वॅटच्या हातसंचाने मोकळ्या कड्यावरून जे साधते, ते दरीत बसून १० पट शक्तीनेही साधत नाही.

डोंगराच्या टोकदार कडेवरून तरंग काही प्रमाणात खाली वाकतात. याला विवर्तन म्हणतात. समोरच्या कड्यावर आपटून परावर्तित झालेला संदेशही कधी कधी मिळतो. त्यामुळे दिशादर्शी अँटेना थेट गावाकडे न रोखता एखाद्या उघड्या कड्याकडे वळवली तर आवाज सुधारतो, असा घाटमाथ्यावर काम करणाऱ्यांचा अनुभव असतो. पण विवर्तनावर विसंबून पक्की व्यवस्था उभी करता येत नाही.

दरीतील छाया आणि ४० मीटर पट्टा

कोयनेच्या जलाशयाकाठची तापोळा, बामणोली यांसारखी गावे उंच रांगांच्या मध्ये दडलेली आहेत. पठारावरील २ मीटरच्या प्रक्षेपणाची छाया अशा दऱ्यांत पडते. शिखरावर पुनःप्रक्षेपक बसवणे हा एक उपाय आहे. हे यंत्र एका वारंवारितेवर ऐकून तोच संदेश लगेच दुसऱ्या वारंवारितेवर पाठवते. २ मीटर पट्ट्यात या दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. मात्र त्याला वीज, निवारा आणि पावसाळाभर देखभाल लागते.

दुसरा उपाय जुना आहे आणि डोंगराळ मुलखासाठी तो अधिक विश्वासार्ह मानावा लागेल. ४० मीटर पट्ट्यातील (भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ) तरंग जवळजवळ सरळ वर सोडले, तर दिवसा आयनांबरातून परावर्तित होऊन ते छत्रीसारखे खाली उतरतात. वरून येणाऱ्या तरंगाला डोंगर अडवू शकत नाही. त्यामुळे तापोळा ते सातारा किंवा महाड ते सांगली असा संपर्क मधल्या रांगांची पर्वा न करता होऊ शकतो. काहीशे किलोमीटरचा परिसर यात झाकला जातो. यासाठी लागणारी अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली साधी तांब्याची तार, जिला अर्धतरंग द्विध्रुव म्हणतात. तिची मीटरमधील लांबी १४३ ला मेगाहर्ट्झने भागून काढतात. ७.१ मेगाहर्ट्झला ती साधारण २०.१ मीटर येते. दूरदेशीच्या संपर्कासाठी ही तार शक्य तेवढी उंच टांगावी लागते. येथे मात्र ती ३ ते ६ मीटर उंचीवर ठेवणेच सोयीचे, कारण बुटकी तार बहुतेक ऊर्जा वर फेकते. रात्री आयनांबर विरळ झाल्यावर हा पट्टा जवळच्या अंतरासाठी निकामी होऊ शकतो. तेव्हा ८० मीटर पट्ट्याकडे वळावे लागते व तारही दुप्पट लांब करावी लागते.

अँटेना आणि केबल

२ मीटर पट्ट्यासाठी अर्धतरंग अँटेना जेमतेम १ मीटर लांबीची असते. हातसंचासोबत येणारी आखूड रबरी अँटेना बरीच ऊर्जा वाया घालवते. तिच्याऐवजी सुमारे ४९ सेंटिमीटरची पावतरंग दांडी व तिच्या तळाशी लोंबती तार लावली तरी फरक जाणवतो. दिशादर्शी अँटेनांमध्ये यागी-उदा हा प्रकार सर्वपरिचित आहे. जपानमध्ये १९२६ मध्ये मांडलेली ही रचना दूरदर्शनच्या काळात महाराष्ट्रातील घराघरांच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांच्या रूपाने होती. दूरचित्रवाणीसाठी त्या काड्या बहुधा आडव्या असत. हातसंचांचे तरंग उभ्या ध्रुवणाचे असतात, त्यामुळे यागीही उभी धरावी लागते. नवशिक्यांकडून नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

समाक्ष केबलकडे दुर्लक्ष केल्यास चांगली अँटेनाही व्यर्थ ठरते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ या बारीक केबलच्या २० मीटर लांबीत निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेत जाते. आरजी-२१३ या जाड केबलमध्ये तेवढ्याच लांबीत सुमारे दोन तृतीयांश शक्ती पलीकडे पोहोचते. ७ मेगाहर्ट्झला बारीक केबलही चालते.

पाऊस, वीज आणि जमीन

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे थेंब २ मीटरच्या तरंगांना फारसे अडवत नाहीत, कारण तरंगाच्या मानाने ते अतिशय लहान असतात. सुमारे ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारचे मात्र तेच थेंब लक्ष्य असतात. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने वाईजवळच्या मांढरदेव येथे ढगांच्या अभ्यासासाठी असे रडार बसवले आहे. हौशी चालकाचे नुकसान पाऊस वेगळ्या वाटेने करतो. ओली झाडी तरंग शोषते आणि जोडणीतून केबलमध्ये पाणी शिरते. ते एकदा जाळीत मुरले की केबल टाकूनच द्यावी लागते. म्हणून प्रत्येक जोडणीवर रबरी चिकटपट्टी गुंडाळतात आणि केबल घरात घेण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते.

विजांचा धोका ऐन पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेमधील वळवाच्या सरींत आणि परतीच्या पावसात अधिक असतो. पर्यटकांप्रमाणे हौशी चालकांचीही पठारावर गर्दी होते ती नेमकी मे महिन्यात. गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढून घराबाहेर टाकणे आणि उघड्या कड्यावरील काठी खाली घेणे याला पर्याय नाही. भूसंपर्काची अडचण येथे मोठी आहे. पठारावर जांभ्या खडकाचा कठीण थर असून माती पातळ आहे. त्यात सळई खोल जात नाही व कोरड्या दिवसांत विद्युत्वहनही कमी असते. उभ्या अँटेनासाठी जमिनीवर अनेक तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरून ही उणीव भरून काढतात.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. झाडे तोडून किंवा सड्यावर खुंट्या ठोकून अँटेना उभारणे येथे योग्य नव्हे. फायबरग्लासची दुमडती काठी कठड्याला बांधून काही तासांत आवरून घेणे हीच येथील रूढ व सोयीची पद्धत ठरते.

आपत्तीतील उपयोग

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे केंद्र याच जिल्ह्यात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या भूज भूकंपानंतर हौशी चालकांनी मदतकार्यात संदेशवहन केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी पथक अंदमानातच होते आणि मुख्य भूमीशी संपर्क राखण्यात त्याची मोठी मदत झाली.

२२ व २३ जुलै २०२१ या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव, तर महाड तालुक्यात तळिये येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. आंबेनळी घाटाचा रस्ता खचला. अशा वेळी मोबाइल मनोरा उभा असला तरी त्याची वीज किंवा मुख्य जाळ्याशी असलेला दुवा तुटतो. ४० मीटरचा कमी शक्तीचा संच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीवर, बहुतांश वेळ ऐकण्यात गेल्यास, अर्धा दिवस सहज चालतो आणि त्याची अँटेना दोन काठ्यांमध्ये ताणलेली तार असते. परंतु त्यासाठी दरीतल्या टोकालाही परवानाधारक व सरावलेला चालक असावा लागतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच वारंवारिता, वेळा आणि संदेशाचा ठरावीक नमुना निश्चित करून, ठरलेल्या वेळी सर्वांनी एकाच वारंवारितेवर हजेरी लावण्याचा सराव केला जातो. हौशी चालक त्याला ‘नेट’ म्हणतात.