एका अक्षराचा फेर

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सांध्यांच्या असह्य कळांनी रात्रभर तळमळणारी मुले डॉक्टरांना अपरिचित नाहीत. अशा मुलाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. सिकल सेल हे नाव त्यावरूनच पडले. पेशी का वाकते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना डीएनएमधील संदेश प्रथिनापर्यंत कसा पोचतो, हेही उलगडते.

तांबडी पेशी हिमोग्लोबिन या प्रथिनाने भरलेली असते. त्याच्या चार साखळ्यांपैकी दोन बीटा साखळ्या होत. अशा प्रत्येक साखळीत 146 अमिनो आम्ले ठराविक क्रमाने ओवलेली असतात. हा क्रम अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात ए, टी, जी, सी या चार अक्षरांनी लिहिलेला असतो. पेशी अस्थिमज्जेत घडत असते तेव्हा (पुढे तिला केंद्रकच उरत नाही) मूळ पोथी केंद्रकातच राहते आणि कामापुरती नक्कल बाहेर पडते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. तीत टीच्या जागी यू येतो. रिबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक त्रिकाचे अमिनो आम्ल साखळीत जोडतो.

कोणते त्रिक कोणत्या आम्लाचे, हा कोश जुळविण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा आहे. यू आणि जी आळीपाळीने येणारा आरएनए त्यांनी प्रयोगशाळेत घडविला. त्यात यूजीयू आणि जीयूजी एवढीच त्रिके संभवतात. तयार झालेल्या साखळीत सिस्टीन आणि व्हॅलीन एकाआड एक आढळले. जीयूजी व्हॅलीनचे, हे अन्य प्रयोगांनी निश्चित झाले. 1968 मध्ये निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजारी मुलाच्या बीटा साखळीत नेमके हेच त्रिक भलत्या जागी येते. सहाव्या स्थानी जीएजीऐवजी जीयूजी, म्हणून ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. रिबोसोमला यात काही वावगे दिसत नाही. तो लिहिले तसे वाचतो. परंतु व्हॅलीन पाण्याला टाळणारे आहे. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, त्याचे ताठ धागे बनतात, पेशी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ती कळ येते ती येथून.

बिघडलेले जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आले, तर मूल केवळ वाहक ठरते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक एवढी आजाराची शक्यता असते. म्हणूनच विवाहापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरला जातो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध ते अक्षर सुधारीत नाही; जन्मानंतर जवळजवळ निद्रिस्त झालेल्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच्या जनुकाला ते पुन्हा जागे करते, आणि कळांचे झटके कमी होतात.