वर्झावा प्राणिसंग्रहालयातील गुप्त आश्रयस्थान

वर्झावा प्राणिसंग्रहालय हे पोलंडच्या राजधानीतील प्राणिसंग्रहालय दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांचे गुप्त आश्रयस्थान होते. इ.स. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाची सप्टेंबर १९३९ मधील जर्मन बॉम्बवर्षावात मोठी हानी झाली. अनेक प्राणी मृत्युमुखी पडले; उरलेल्यांपैकी मौल्यवान प्राणी जर्मनीला नेण्यात आले.

आश्रयस्थान

ओस पडलेल्या आवारात संचालक यान झाबिन्स्की यांनी वराहपालन सुरू केले. डुकरांसाठी खरकटे गोळा करण्याच्या निमित्ताने, तसेच शहरातील उद्यानांचे अधिकारी या नात्याने, त्यांना ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत (घेटो) प्रवेश मिळत असे. तेथून बाहेर पडलेल्यांना रिकाम्या पिंजऱ्यांत आणि संचालकांच्या निवासस्थानाच्या तळघरात लपविले जाई. धोक्याची सूचना देण्यासाठी त्यांच्या पत्नी अँटोनिना पियानोवर ओफेनबाख या संगीतकाराची ठरावीक रचना वाजवीत. पकडले गेल्यास आश्रय देणाऱ्यांनाही मृत्युदंड होता. तरीही सुमारे ३०० जणांना येथे आसरा मिळाला. त्यांपैकी बहुतेक जण युद्धातून वाचले.

सन्मान

इस्रायलमधील याद वाशेम या स्मारक संस्थेने १९६५ मध्ये या दांपत्याचा गौरव केला. त्यांच्या कार्यावर आधारित चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.