जे सुरतेत थांबले

सप्टेंबर १९९४ च्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत शहराची जवळपास चौथाई वस्ती पळाली. यंत्रमागावर, हिऱ्याच्या कारखान्यांत पोट भरायला आलेली खानदेशातली, ओडिशातली, उत्तर प्रदेशातली माणसं तोंडाला रुमाल बांधून मिळेल त्या गाडीत चढली. त्यांना भित्रं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. हा फुप्फुसाचा प्लेग होता. तो खोकल्यातून पसरतो आणि वेळेवर टेट्रासायक्लिनसारखं औषध मिळालं नाही, तर दोन-तीन दिवसांत माणूस जातो. अनेक खासगी दवाखान्यांनाही तेव्हा कुलपं लागली होती.

त्याआधी महिनाभर आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं सोडून गेलेल्यांचं धान्य उंदरांच्या तावडीत सापडलं, त्यातून तो उद्भवला असं मानलं जातं. सुरतेत पावसाळ्यात तापीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. ते ओसरल्यावर मागे राहिला चिखल आणि मेलेली जनावरं.

अशा शहरात नव्या सिव्हिल हॉस्पिटलमधले निवासी डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय कामावर राहिले. रोग कोणता, यावर तज्ज्ञांचे वाद चालू असताना ते खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाशी वाकून औषध पाजत होते. पन्नासहून अधिक माणसं दगावली. आकडा तिथेच थांबला, याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. आणि सफाई कामगारांचं. बाकीचे नाक दाबून पळत होते, तेव्हा कचरा आणि कुजलेली जनावरं त्यांनी उचलली. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, असं म्हणून त्यांचं धैर्य कमी लेखू नये. भीती त्यांनाही होती, मुलंबाळं त्यांनाही होती.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं, मुख्य रस्त्यांची रात्री झाडलोट सुरू केली. दीड-दोन वर्षांत सुरत देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरली. रावांचं नाव झालं, ते योग्यच. पण रात्रीचे ते झाडू ज्यांच्या हातात होते, त्यांची नावं कुठल्या गौरवयादीत नाहीत, ही उणीव मला बोचते.

पुढे २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात प्लेग दिसला. सुरतेत तो परतला नाही.