दंतोपचारानंतरची चेहऱ्यातील मज्जातंतुवेदना : निदानापूर्वीचा काळ आणि रुग्णाची भूमिका

प्रस्तावना :
दुखरी दाढ काढली की दुखणे संपते, हा सर्वसामान्य अनुभव होय. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र जखम भरून येते, क्ष-किरण चित्रात दोष आढळत नाही, तरीही जबड्यातील जळजळ, चमक किंवा ठणका महिनोन्‌महिने टिकून राहतो. अशा वेळी वेदनेला 'मनाचा खेळ' ठरविले जाते किंवा शेजारचा दात दोषी मानून तोही काढला जातो. या दोन्ही चुका रुग्णाला महाग पडतात. निदान होईपर्यंतचा हा काळ कसा निभावावा, याचे विवेचन येथे केले आहे.

वेदनेचा उगम :
चेहऱ्याशी प्रामुख्याने दोन मज्जातंतूंचा संबंध येतो. सातवा, म्हणजे फेशियल मज्जातंतू, स्नायूंची हालचाल घडवितो; पाचवा, म्हणजे ट्रायजेमिनल मज्जातंतू, संवेदना वाहून नेतो. दंतोपचारानंतरची वेदना बहुधा या पाचव्या मज्जातंतूची असते. त्याच्या तीन शाखा अनुक्रमे कपाळ व डोळा, गाल व वरचा जबडा आणि खालचा जबडा येथे पसरतात. खालच्या शाखेची एक उपशाखा जबड्याच्या हाडातील नळीतून दातांच्या मुळांखालून जाते. अक्कलदाढ काढताना, कृत्रिम दाताचे रोपण करताना, रूट कॅनालमधील द्रव्य मुळाबाहेर गेल्याने किंवा क्वचित भुलीच्या सुईने तिला इजा होऊ शकते. इजा झालेला मज्जातंतू बाह्य कारण नसतानाही वेदनेचे संदेश पाठवीत राहतो. म्हणूनच दात उरलेला नसला, तरी दातदुखी खरी असू शकते.

निदानातील अडचण :
मुख व चेहऱ्याच्या वेदनांचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील तीन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. ट्रायजेमिनल मज्जातंतुशूलात विजेच्या धक्क्यासारखी कळ येते; ती क्षणभरापासून २ मिनिटांपर्यंत टिकते आणि हलका स्पर्श, दात घासणे, बोलणे यांनीही उद्भवते. इजेनंतरची वेदना इजा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत सुरू होते; ती बहुधा सतत जळजळणारी असून त्या भागात बधिरपणा किंवा अतिसंवेदनशीलता आढळते. तिसऱ्या प्रकारात तपासणीत कोणतेही कारण सापडत नाही, मात्र वेदना ३ महिन्यांहून अधिक काळ दररोज २ तासांपेक्षा जास्त राहते.

यात एक भेद लक्षात घ्यावा लागतो. उपचारा'नंतर' सुरू झालेली वेदना उपचारा'मुळे'च असेल असे नाही. मज्जातंतुशूल आरंभी दातदुखीसारखाच भासतो. त्यामुळे रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातो आणि निरोगी दात गमावतो.

रुग्णाने घ्यावयाची काळजी :
१) भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिल्यास दंतवैद्यास त्वरित कळवावे. रोपणानंतर तर विलंब मुळीच करू नये.
२) स्पष्ट कारण सापडल्याशिवाय पुन्हा दात काढणे किंवा रूट कॅनाल करणे टाळावे. मात्र तडा गेलेला दात किंवा जंतुसंसर्ग नाही, याची खात्री करून घ्यावी.
३) वेदनेची जागा, वेळ, स्वरूप, कारण व औषधाचा परिणाम यांची रोज नोंद ठेवावी. तपासणीत न दिसणारी बाब अनेकदा या नोंदीत सापडते.
४) दंत महाविद्यालयातील मुखरोगनिदान विभाग व मेंदूविकारतज्ज्ञ या दोहोंचा सल्ला घ्यावा. मज्जातंतूवरील रक्तवाहिनीचा दाब किंवा गाठ एमआरआय तपासणीत दिसू शकते.
५) नेहमीच्या वेदनाशामकांचा अशा वेदनेत फारसा उपयोग होत नाही. मज्जातंतुशूलावर कार्बामाझेपिनचा उपयोग १९६२ पासून ज्ञात आहे. इतर प्रकारांत अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन यांसारखी औषधे दिली जातात. ती मनाने सुरू वा बंद करू नयेत. अंगावर पुरळ उठल्यास तातडीने डॉक्टरांना भेटावे.
६) गार वाऱ्यात गालावर रुमाल घ्यावा, अन्न मऊ व कोमट असावे. वेदनेच्या भीतीने दात घासणे सोडू नये. नवी कीड म्हणजे नवा दंतोपचार होय.
७) बधिरपणा पसरणे, चेहरा वाकडा होणे, पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे तातडीची समजावीत.

अध्यापन आणि वेदना :
बोलणे हेच ज्यांचे काम, त्या अध्यापकांना ही व्याधी विशेष जाचते. सलग दोन तासिकांऐवजी मध्ये विश्रांती, ध्वनिक्षेपकाचा वापर, पंख्याखालून जागा बदलणे अशा साध्या सोयींनी काम चालू ठेवता येते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने सहकाऱ्यांचा विश्वास ही यातील मोठी सोय ठरते. समुपदेशन व वर्तनोपचारही उपयुक्त आहेत. ते वेदना काल्पनिक म्हणून सुचविले जात नाहीत. दीर्घ वेदनेने झोप आणि उमेद खचते, ती सावरण्यासाठी सुचविले जातात.

समारोप :
आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना रुग्णाच्या कथनाचा आदर राखावा, असे स्पष्ट केले. निदान न होणे ही तपासणीची मर्यादा असू शकते. तो वेदना नसल्याचा पुरावा नव्हे. नाव मिळेपर्यंत दात वाचविणे, नोंद ठेवणे आणि योग्य तज्ज्ञाचा शोध चालू ठेवणे, हेच या काळातील रुग्णाचे कर्तव्य होय. आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे हे इतरांचे.