महाजनांचे नगर : अहमदाबाद

नगराची थोरवी त्याच्या किल्ल्यांवरून आणि राजवाड्यांवरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. अहमदाबादची गोष्ट काहीशी निराळी आहे. सुलतान अहमदशहाने इ. स. १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे नगर वसविले हे खरे. परंतु राज्ये आली आणि गेली, तरी ते नांदते राहिले ते सराफ, कापडवाले, धान्यवाले आणि कारागीर यांच्यामुळे. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने तटाच्या आतील या जुन्या नगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारतीय शहरांत हा मान प्रथम अहमदाबादलाच मिळाला. हा वारसा आजवर कोणी व कसा राखला, याचा जमाखर्च आपण व्यापारी मंडळींनी एकदा पाहण्याजोगा आहे.

येथील प्रत्येक धंद्याचे महाजन असे. भाव, सुट्ट्या, तंटे यांचा निवाडा महाजन करी आणि उलाढालीवर ठराविक लागा घेऊन त्यातून देरासर, पांजरपोळ व अन्नदान चालवी. धान्यबाजारातील धर्मादाय ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावयास नको. सर्व महाजनांच्या शिरोभागी नगरशेठ. इ. स. १७२५ मध्ये मराठी फौजांकडून शहर लुटले जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य देऊन तो टाळला. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी, हिंदू व मुसलमान दोघांनीही, छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्यास देण्याचा लेख करून दिला. शहर वाचविणे हे व्यापाराचेच काम आहे, अशी त्या काळची समजूत होती, हे यावरून दिसून येते.

या समजुतीचे दृश्य रूप म्हणजे पोळ. बाहेर एकच दरवाजा, आत अरुंद गल्ली, ओट्यांची घरे, देरासर किंवा मंदिर, आणि उंच खांबावर बसविलेले नक्षीदार पक्षिघर, ज्याला तेथे चबुतरो म्हणतात. पाखरांना तेथे नित्य दाणे घातले जातात. घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असते. छपरावरचे पाणी नळीने त्यात उतरते आणि वर्षभर पिण्यास पुरते. विटांच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा गुंफण्याची येथील रीत केवळ शोभेची नव्हे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहरातील अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. जुनी लाकडी सांगाड्याची घरे त्या मानाने तगून राहिली.

कारागिरी टिकते ती काम मिळाल्याने. दिल्ली दरवाजाबाहेरील श्री धर्मनाथ भगवानांचे बावन्न देवकुलिकांचे देरासर शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी आरंभिले. त्यांच्या निधनानंतर शेठाणी हरकुंवर यांनी ते धीराने पुढे नेऊन १८४८ मध्ये पूर्ण केले. सुमारे दहा लाख रुपये खर्ची पडले आणि प्रेमचंद सलाट यांच्या हाताखाली असंख्य पाथरवटांच्या चुली पेटत्या राहिल्या. त्याच घराण्यातील मगनभाई हठीसिंग यांनी १८८१ मध्ये लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. हवेल्यांवर पोसलेली ती कला पार न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत जाऊन पोहोचली.

सारेच कसब श्रीमंतांच्या आश्रयाने वाढले असे मात्र नाही. 'मातानी पछेडी' हे देवीचे चित्रित वस्त्र, ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता अशा लोकांचे कापडी देऊळच होय. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवावयाचे, गूळ व लोखंडाचा गंज आंबवून काळा रंग करावयाचा, चिंचोक्याच्या खळीने त्याला दाटपणा आणावयाचा, तुरटी लावून तांबडा रंग चढवावयाचा आणि कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुवावयाचे, अशी ही रीत. २०२३ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन आले, तरी कारागिराला वाहते पाणी आणि गिऱ्हाईक ही दोन्ही लागतातच. नदीचा काठ बांधून सुंदर करताना तेथे कापड धुणाऱ्या हातांचाही विचार झाला पाहिजे.

महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापिला आणि १९ नोव्हेंबर १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा पदयात्रा सुरू केली. अडीच हजारांहून अधिक इमारती वारसा म्हणून नोंदविल्या आहेत. जुने घर राखणाऱ्या मालकास, त्या जागी न वापरता येणारा जादा बांधकामाचा हक्क शहरात अन्यत्र विकण्याची सवलतही ठेविली आहे. व्यापाऱ्याला तत्काळ उमजावी अशी ही योजना आहे, कारण घर राखणे तोट्याचे ठरले, तर केवळ कायद्याने ते राखले जाणार नाही.

परंतु येथेच आपल्या वर्गाची कसोटी आहे. कुटुंबे नदीपलीकडच्या नव्या वस्तीत गेली आणि पोळांतील कित्येक घरे गोदामे झाली. गोदामाला कोरलेला खांब नको असतो, चौक नको असतो, टाके तर नकोच. त्याला फक्त मोकळी भिंत हवी असते. दिवा लावणारे कोणी उरले नाही म्हणजे चबुतऱ्यावर दाणे टाकणारेही उरत नाही. ज्या व्यापाराने नगर उभारले, तोच त्याला असा आतून पोखरू शकतो.

आपल्या वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील जुन्या पेठांतही थोड्याफार फरकाने हेच चालले आहे. तरी सभासद बंधुभगिनींनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. जुना वाडा वखारीसाठी घेतलाच, तर वरच्या मजल्यावर कोणाची तरी वस्ती राहू द्यावी. मंगलकार्यात देण्याघेण्याच्या वस्तू शक्यतो कारागिराच्या हातून थेट घ्याव्यात. आणि धर्मादायाचा लहानसा भाग पेठेतील एखाद्या विहिरीच्या, दरवाजाच्या किंवा चबुतऱ्याच्या डागडुजीसाठी दरसाल वेगळा काढावा. महाजनांनी शेकड्यामागे चार आण्यांचा हिशेब ज्या निष्ठेने पाळला, त्याच निष्ठेने आपल्या संघाने हा विषय वार्षिक सभेपुढे घ्यावा, ही नम्र विनंती.