मुलीचे पोट अचानक दुखते? अंडाशयाला पीळ नाही ना, हे पाहा

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या पोटात अचानक कळ उठली, की घरात आधी ओवा-हिंग निघतो. ‘पाळी येणार असेल’ म्हणून रात्र काढली जाते. बहुतेकदा दुखणे थांबतेही. क्वचित मात्र अंडाशयाला पीळ बसलेला असतो आणि तेव्हा उशीर महागात पडतो.

अंडाशय स्वतःभोवती फिरले की त्याच्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. आधी बाहेर जाणारे रक्त अडून ते सुजते, मग आत येणारे रक्तही थांबते. गाठ असल्यास धोका वाढतो. पण लहान मुलींत निरोगी अंडाशयही पिळू शकते. पाळी सुरू झालेली नसली तरी हे होते.

ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ आणि सोबत मळमळ किंवा उलटी, ही मुख्य खूण. दुखणे मध्येच थांबून पुन्हा उठू शकते. हा पीळ उजवीकडे अधिक आढळतो, त्यामुळे अपेंडिक्सशी गल्लत होते.

रक्ततपासणीतून याचे निदान होत नाही. सोनोग्राफी मूत्राशय भरलेले असताना पोटावरूनच करता येते. मुलीची आतून तपासणी करावी लागेल, या भीतीने पालकांनी थांबू नये. एक अंडाशय दुसऱ्यापेक्षा बरेच मोठे दिसले तर संशय बळावतो. डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असे ठरत नाही, कारण अंडाशयाला दोन धमन्यांतून रक्त मिळते. खात्री दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच होते आणि तेव्हाच पीळ सोडवता येतो. काळेनिळे दिसणारे अंडाशयही अनेकदा पुन्हा काम करू लागते. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींचे अंडाशय काढण्याऐवजी वाचवण्याचा सल्ला दिला.

अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातील वाडीवरून किंवा जामखेडच्या खेड्यातून निघालेल्या मुलीचा बराच वेळ रस्त्यातच जातो. त्यामुळे घरी वाट पाहणे परवडणारे नाही. उलटीसह कळ उठली तर पोट चोळू नये, वेदनाशामक गोळीवर दिवस ढकलू नये. सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया दोन्ही होतील अशा रुग्णालयात, गरज पडल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलावून, तिला न्यावे. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला देऊ नये. दुखणे कधी सुरू झाले, ती वेळ डॉक्टरांना नक्की सांगावी.