टोपलीवाले मुफ्ती

लहानपणी आमच्या चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या आजी दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या आणि भाजी वर ओढून घ्यायच्या. पुढे ऑटोमन साम्राज्याचा इतिहास वाचताना असाच एक टोपलीवाला धर्मपंडित भेटला आणि मनात घर करून बसला.

अली जमाली एफेंदी हे त्यांचे नाव. १५०३ पासून १५२६ साली मृत्यू येईपर्यंत ते इस्तंबूलचे मुफ्ती, म्हणजे शेख-उल-इस्लाम होते. लोक आपला प्रश्न लिहून त्यांच्या खिडकीखाली लोंबणाऱ्या टोपलीत टाकत. ते ती वर ओढून घेत, उत्तर लिहीत आणि पुन्हा खाली सोडत. म्हणून त्यांचे नाव पडले झेंबिल्ली, म्हणजे टोपलीवाले.

त्यांनी तीन सुलतान पाहिले. त्यातला पहिला सलीम (१५१२-१५२०) भारी तापट. जुने चरित्रकार सांगतात, की त्याने एकदा खजिन्याच्या दीडशे नोकरांना ठार मारण्याचा हुकूम सोडला. मुफ्तींनी सहसा दरबारात जायचे नाही, असा रिवाज. तरी हे गेले. राज्यकारभारात पडू नका, असे सुलतानाने बजावले. तुमचा परलोक सांभाळणे हे माझे कामच आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सुलतान नरमला. नोकरांचे जीव वाचले.

पण मुफ्ती तेवढ्यावर उठले नाहीत. सुलतानाच्या माणसांनी भीक मागत फिरावे हे शोभेल का, असे विचारून त्यांनी त्या सगळ्यांना कामावरही परत घ्यायला लावले. कसुरीबद्दल शिक्षा मात्र करीन, असे सुलतान म्हणाला. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही.

हे वाचले आणि मला आमची एक शाखा आठवली. तिथे एकदा कॅश शॉर्ट आली. ठपका कॅशियरवर आला. खरे तर तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असायला हव्यात. त्या दोन्ही साहेबांकडेच असत, हे मला ठाऊक होते. तरी अहवालावर मी मुकाट्याने सही केली. माझे डोके कोण उडवणार होते? फार तर लांब कुठेतरी बदली झाली असती.

कॅशियरची नोकरी गेली. काही वर्षांनी तो स्टेशनवर भेटला. हातात अगरबत्तीच्या पुड्यांची पिशवी होती. ''साहेब, बरे आहात ना?'' त्यानेच विचारले.

मी चार पुडे घेतले आणि सुटे पैसे परत न घेता गाडीत चढलो.